भरतीच्या मैदानापलीकडचे दार : भोर-वेल्ह्यातून लष्कराचा तांत्रिक अधिकारी कसे होता येते?

'सैन्यात जायचे' म्हटले की भोर आणि वेल्हे तालुक्यांत डोळ्यांसमोर एकच चित्र येते. पहाटेचा अंधार, डांबरी रस्ता, धावणारी चार-पाच पोरे आणि मोबाइलवर वेळ लावून उभा असलेला एखादा थोरला. सोळाशे मीटर किती मिनिटांत काढायचे, पुलअप्स किती मारायचे, छाती किती फुगली पाहिजे, हे दहावीतल्या मुलालाही तोंडपाठ असते. भरतीची तारीख गावात वाऱ्यासारखी पसरते. मात्र 'टीईएस'ची जाहिरात कधी निघाली आणि कधी मुदत संपली, याची चर्चा पारावर होत नाही.

टीईएस म्हणजे टेक्निकल एंट्री स्कीम. बारावी सायन्स झालेल्या मुलाला थेट लष्कराच्या खर्चाने इंजिनिअर करून अधिकारी बनवणारी योजना. अग्निवीर म्हणून भरती झालेल्या मुलाची सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम ठेवले जाते. टीईएसचे प्रशिक्षणही चारच वर्षांचे. त्याच्या शेवटी हातात इंजिनिअरिंगची पदवी आणि खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे असतात. वयाची अटही जवळपास तीच, साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे एकाच वर्गातली, एकाच रस्त्यावर धावणारी दोन मुले या दोन वाटांनी जाऊ शकतात. फरक पडतो तो अकरावी-बारावीत घेतलेल्या दोन-तीन निर्णयांनी, आणि ते निर्णय अनेकदा माहितीअभावी आपोआपच होऊन जातात.

भूगोलाच्या बाजूने पाहिले तर या दोन तालुक्यांइतकी जवळीक फार थोड्यांना लाभली आहे. पानशेतहून पुण्याला येणाऱ्या रस्त्यावर खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, आहे. वेल्ह्याच्या डोंगरातले पाणी पानशेत आणि वरसगावमधून ज्या जलाशयात येते, त्याच पाण्यावर एनडीएचे छात्र होड्या वल्हवायला शिकतात. दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सीएमई. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र. लोणावळ्याला नौदलाची आयएनएस शिवाजी, जिथे युद्धनौकांची इंजिने सांभाळणारे अधिकारी तयार होतात. आणि महामार्गाने दक्षिणेला गेले की साताऱ्याची सैनिक शाळा, १९६१ पासूनची. तरीही अंतर राहते, आणि ते किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

एक फॉर्म, जो भरायचा राहून जातो

महाराष्ट्रात बारावी सायन्सचा मुलगा इंजिनिअरिंगला जायचे म्हणून सीईटी देतो. राज्यातल्या कॉलेजांत प्रवेश मिळवायला ती पुरते. जेईई मेन ही आयआयटीवाल्यांची, शहरातल्या क्लासवाल्यांची परीक्षा, अशी समजूत पक्की आहे. त्यामुळे स्टेट बोर्डाच्या ग्रामीण ज्युनिअर कॉलेजांत जेईईचा फॉर्म भरण्याचा आग्रह फारसा कोणी धरत नाही.

नेमके इथेच दार बंद होते. टीईएसला अर्ज करायचा तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स या तीन विषयांत मिळून किमान ६० टक्के लागतात आणि त्याच वर्षीची जेईई मेन दिलेली असणे सक्तीचे असते. नौदलाच्या बारावीनंतरच्या बीटेक प्रवेशाला तर जेईई मेनच्या देशपातळीवरील क्रमांकावरच मुलाखतीचे बोलावणे येते. तिथे पीसीएममध्ये ७० टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के लागतात. सीईटीत कितीही पर्सेंटाइल मिळाले तरी या दोन ठिकाणी त्याचा उपयोग शून्य.

जेईई मेन वर्षातून दोनदा होते, साधारण जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, आणि पहिल्या सत्राचे अर्ज आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपासच भरून घेतले जातात. म्हणजे बारावीचे पहिले सत्र संपता संपता. हा पेपर मराठीतही देता येतो, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. २०२१ पासून मराठी ही त्याच्या तेरा भाषांपैकी एक आहे. परीक्षा अवघड आहे, यात शंका नाही. पण आयआयटीसाठी ती देणे आणि या दोन दारांची किल्ली म्हणून देणे, यांत फरक आहे.

दुसरा निर्णय त्याहून आधी होतो, दहावीच्या निकालानंतर. 'गणित झेपत नाही' म्हणून अकरावीला मॅथ्स सोडून जीवशास्त्राचा गट घेतला की तांत्रिक अधिकाऱ्याच्या बारावीनंतरच्या सगळ्या वाटा एकदम मिटतात. एनडीएची लष्करासाठीची बाजू कोणत्याही शाखेच्या मुलाला खुली आहे, पण तिच्या लेखी परीक्षेतला गणिताचा पेपर ३०० गुणांचा आहे आणि तो अकरावी-बारावीच्याच पातळीचा असतो. हवाई दल आणि नौदलासाठी तर पीसीएम हवेच. ज्याला डॉक्टर आणि अधिकारी अशी दोन्ही स्वप्ने ठेवायची आहेत, त्याने चारही विषय घ्यावेत. ओझे वाढते, पण दार उघडे राहते.

हा अधिकारी करतो तरी काय?

याचे उत्तर शोधायला वेल्हे तालुक्याबाहेर जायची गरज नाही. जुलै १९६१. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण तेव्हा पुरते बांधूनही झाले नव्हते आणि पावसाने ते काठोकाठ भरले. बांध खचू लागला तेव्हा लष्कराला बोलावण्यात आले. जवानांनी रात्रीच्या अंधारात, पावसात, खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचली. १२ जुलैला सकाळी धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले आणि पुण्यात हाहाकार झाला. पण रात्री फुटले असते तर झोपेतले किती जण वाहून गेले असते, हा विचार पुण्यातल्या जुन्या पिढीने पुढे अनेक वर्षे बोलून दाखवला. भिंत कुठे खचते आहे, पोती कुठे टाकायची, किती वेळ मिळेल आणि माणसे कधी मागे घ्यायची, असे निर्णय जो घेतो तो तांत्रिक अधिकारी. त्याला माती आणि पाणी कळावे लागते आणि हाताखालच्या जवानांचा जीवही सांभाळावा लागतो.

लष्करात या कामाची मुख्यतः तीन दले आहेत. कोअर ऑफ इंजिनिअर्स पूल बांधते, रस्ते काढते, सुरुंग पेरते आणि शत्रूने पेरलेले काढते. सिग्नल्सकडे संपर्क यंत्रणा असते : रेडिओ, उपग्रह, संगणकाची जाळी आणि ती शत्रूपासून सुरक्षित ठेवणे. तिसरे ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स. रणगाड्यापासून तोफेच्या दुर्बिणीपर्यंत जे जे बिघडते ते दुरुस्त करून पुन्हा उभे करणे हे त्यांचे काम. उणे तापमानात डिझेल गोठले की गाडी कशी सुरू करायची, हा त्यांच्यासाठी रोजचा प्रश्न.

मराठी मुलखाशी याचे नाते जुने आहे. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी ज्याने चालून पाहिली आहे, त्याला किल्ला ही आधी अभियांत्रिकीची गोष्ट होती हे वेगळे सांगावे लागत नाही. पण अलीकडची दोन नावे इथल्या मुलांना माहीत असायला हवीत.

पहिले रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंदिया गावचे. १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि १९४७ च्या डिसेंबरमध्ये अधिकारी झाले. पुढच्याच एप्रिलमध्ये, १९४८ साली, नौशेरा ते राजौरी रस्त्यावर रणगाडे पुढे न्यायचे होते आणि वाट सुरुंगांनी, पाडलेल्या झाडांनी अडवलेली होती. सेकंड लेफ्टनंट राणे आणि त्यांच्या तुकडीने तीन-चार दिवस गोळीबार अंगावर घेत ती वाट मोकळी केली. राणे जखमी होते, तरी हलले नाहीत. त्यांना परमवीर चक्र मिळाले. भरतीच्या रांगेतून आलेला माणूस, आणि काम तांत्रिक.

दुसरे जनरल मनोज पांडे, नागपूरचे. एनडीएतून शिकून १९८२ च्या डिसेंबरमध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले. ३० एप्रिल २०२२ रोजी ते लष्करप्रमुख झाले. अभियंता दलातून त्या खुर्चीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच अधिकारी. तांत्रिक शाखेतला अधिकारी मागच्या फळीत राहतो, वर चढत नाही, ही समजूत त्या दिवशी मोडली.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. पुण्यात डीआरडीओच्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत, दिघीला, पाषाणला, सुतारवाडीला. तिथले शास्त्रज्ञ लष्करासाठी काम करतात, पण ते नागरी कर्मचारी असतात, गणवेशातले अधिकारी नव्हेत. त्यांची भरती वेगळी, सेवेच्या अटी वेगळ्या. त्याचप्रमाणे अग्निवीर टेक्निकल हे पद जवानाचे आहे, अधिकाऱ्याचे नाही. नावात 'टेक्निकल' दिसले म्हणून एकाच्या जागी दुसरा अर्ज भरू नये.

बारावीनंतर

टीईएसची जाहिरात वर्षातून दोनदा येते. मे-जूनमध्ये अर्ज घेतले जातात ते पुढच्या जानेवारीत सुरू होणाऱ्या तुकडीसाठी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेतले जातात ते पुढच्या जुलैसाठी. बारावीचा निकाल साधारण मेमध्ये लागतो, त्यामुळे पहिली संधी लगेच समोर असते. अर्ज 'जॉइन इंडियन आर्मी' या सरकारी संकेतस्थळावर, आणि शुल्क एक रुपयाही नाही. दर तुकडीत साधारण ९० जागा असतात आणि त्या देशभरासाठी असतात. सध्या ही योजना फक्त अविवाहित मुलांसाठी आहे. लेखी परीक्षा वेगळी नसते. छाननी करून थेट एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचे, बोलावणे येते.

निवड झालेल्यांचे पहिले तीन वर्षांचे शिक्षण पुण्याच्या सीएमईत, मध्य प्रदेशातल्या महूच्या दूरसंचार महाविद्यालयात किंवा सिकंदराबादच्या ईएमई महाविद्यालयात होते. चौथे वर्ष डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत. पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता, २०२४ पासून तो चार वर्षांवर आला. फी नाही, राहण्या-जेवणाचा खर्च नाही, आणि तीन वर्षे पूर्ण झाली की महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन. भोरच्या मुलाला दापोडी मिळाली तर घरापासून जेमतेम दोन तासांवर, सरकारी खर्चाने इंजिनिअरिंग. एक मात्र ध्यानात ठेवावे : प्रशिक्षण वैयक्तिक कारणाने अर्धवट सोडले तर झालेला खर्च वसूल केला जातो.

वयाचे गणित इथे फार कडक आहे. तुकडी ज्या महिन्यात सुरू होते त्याच्या पहिल्या तारखेला साडेएकोणीसच्या आत असावे लागते. बारावीनंतर 'एक वर्ष भरती मारून बघू' म्हणत काढले की टीईएसच्या एक-दोन संधी तशाच निघून जातात. भरतीचे वय त्यापुढेही असते. म्हणून क्रम उलटा ठेवावा, आधी टीईएस आणि एनडीए, मग भरती.

एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी घेते, तीही वर्षातून दोनदा. बारावीत शिकत असतानाच देता येते. ३०० गुणांचे गणित, ६०० गुणांची सामान्य क्षमता चाचणी आणि मग ९०० गुणांची एसएसबी. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नसतात, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाने 'समलंब चौकोन' आणि 'त्रैराशिक' यांची इंग्रजी नावे आधीच पाठ करावीत.

नौदलाची बीटेक वाट केरळच्या एळिमला येथील नेव्हल अकॅडमीतून जाते. चार वर्षांनी पदवी आणि पद दोन्ही, आणि ती मुलींनाही खुली आहे. तांत्रिक शाखा मिळाली तर पुढचे विशेष शिक्षण लोणावळ्यात किंवा जामनगरला.

डिप्लोमा केला, डिग्री झाली, आता?

दहावीनंतर पॉलिटेक्निक आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, ही ग्रामीण भागातली नेहमीची वाट. घरची परिस्थिती बघून केलेला तो शहाणा निर्णय असतो. अशा मुलाला टीईएस मिळत नाही, पण पदवी झाली की दोन दारे पुन्हा उघडतात. भोर तालुक्यातच धांगवडीला राजगड ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा मान्यताप्राप्त महाविद्यालयातली पदवी लष्कराला चालते. कॉलेज नामांकित आहे की नाही, हे फॉर्ममध्ये विचारत नाहीत.

पहिले दार टीजीसीचे, टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सचे. वय २० ते २७, अविवाहित पुरुष, डेहराडूनला एक वर्ष प्रशिक्षण आणि थेट कायमस्वरूपी कमिशन. जागा मात्र अलीकडच्या जाहिरातींत तिसाच्या आसपासच. दुसरे दार एसएससी टेक, शॉर्ट सर्व्हिसचे. वयाची अट तीच, पण पुरुषांसाठी साधारण ३५० जागा आणि महिलांसाठी तिसाच्या जवळपास. प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे. शेवटच्या वर्षाला असलेले विद्यार्थी दोन्हीकडे अर्ज करू शकतात, मात्र प्रशिक्षण सुरू झाल्यापासून बारा आठवड्यांत पदवी प्रमाणपत्र सादर करावे लागते. विद्यापीठाच्या निकालाला उशीर होतो, हे लष्कर ऐकून घेत नाही.

या दोन्ही प्रवेशांना लेखी परीक्षा नाही. अर्जदारांची शाखानिहाय गुणांवर छाननी होते. संगणक शाखेचा कटऑफ सहसा चढा असतो, कारण अर्ज तिथेच जास्त येतात. म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रत्येक सेमिस्टरचे गुण इथे कामाला येतात. पहिल्या वर्षी एटीकेटी घेऊन 'पुढे बघू' म्हणणाऱ्याला ते पुढे दिसतेच. गुण सीजीपीएत असतील तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्केवारी काढून भरावी लागते, अंदाजाने नाही.

आणखी एक बारीक पण जीवघेणी अट. जाहिरातीत स्वीकारल्या जाणाऱ्या शाखांची यादी असते. पदवी प्रमाणपत्रावर छापलेले शाखेचे नाव त्या यादीतल्या नावाशी किंवा मान्य पर्यायाशी जुळावे लागते. नवनव्या नावांच्या शाखा गेल्या काही वर्षांत भराभर निघाल्या आहेत. प्रवेश घेतानाच आधीची एखादी जाहिरात उघडून ते नाव यादीत आहे का, हे पाच मिनिटांत पाहता येते. चार वर्षांनंतर पाहिले तर उपयोग नाही.

हवाई दलाची वाट एएफकॅट या परीक्षेतून जाते. तांत्रिक शाखेत एरोनॉटिकल इंजिनिअर, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल. वय २० ते २६. प्रशिक्षण हैदराबादजवळच्या दुंडिगलला आणि बेंगळूरुच्या जलहळ्ळीतल्या हवाई दल तांत्रिक महाविद्यालयात.

मुलींचे काय?

लष्कराने डॉक्टर-परिचारिकांपलीकडची दारे महिला अधिकाऱ्यांसाठी १९९२ मध्ये उघडली, पण मुदतीच्या सेवेपुरतीच. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी कायमस्वरूपी कमिशनचा हक्क मान्य केला. २०२२ मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या मैदानावरून १७ जणी संचलन करत बाहेर पडल्या. पानशेतच्या एसटीतून रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलीला ते मैदान पाण्यापलीकडे आहे. तिच्यासाठी आज एनडीए, नौदलाचे बीटेक, एसएससी टेक आणि एएफकॅट ही चार दारे उघडी आहेत. सेवेत असताना मृत्यू पावलेल्या जवानांच्या पत्नींनाही एसएससीत ३५ वर्षांपर्यंत प्रवेश मिळतो. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर तांत्रिक जागा, कोणतीही पदवी असेल तर बिगरतांत्रिक.

पाच दिवस

सगळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एसएसबी. लष्कराची केंद्रे भोपाळ, बेंगळूरु, प्रयागराज आणि जालंधरला आहेत. पहिल्या दिवशी चाळणी होते : बुद्धिमापन चाचणी आणि एक धूसर चित्र पाहून गोष्ट लिहिणे, मग तिच्यावर गटात चर्चा. बरेच जण त्याच दुपारी परतीच्या गाडीला लागतात. उरलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी. त्यात साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, शब्द वाचून मनात येईल ते वाक्य लिहायचे. साठ प्रसंग, अर्धा तास. मग मैदानावर दोर, फळ्या, पिंपे घेऊन गटाने अडथळा पार करायचा. एकट्याची मुलाखत, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या परीक्षकांसमोर काही मिनिटे.

या पाच दिवसांत इंजिनिअरिंगचे सूत्र क्वचितच विचारले जाते. पंधरा गुण बघितले जातात : जबाबदारीची जाणीव, पुढाकार, निर्णयाचा वेग, गटाला सोबत नेण्याची ताकद, धीर, चिकाटी वगैरे. लावणीच्या दिवसांत पाच घरची माणसे जमवून एका दिवसात खाचर उरकणारा मुलगा यातले बरेच काही आधीच करत असतो. त्याची अडचण वेगळीच असते, ते बोलून दाखवता येत नाही. इंग्रजी उच्चार शहरी नसले तरी चालते. पण विचार मोडक्यातोडक्या इंग्रजीतही पुरता मांडता यावा लागतो. शिकवणीच्या पाठ केलेल्या उत्तरांनी इथे नुकसानच होते. साठ वाक्ये पंधरा-पंधरा सेकंदांत लिहिताना माणूस खोटे फार वेळ टिकवू शकत नाही.

मुलाखतीत गावाबद्दल हमखास विचारतात, आणि इथे मुले अडखळतात. 'तुमच्या तालुक्यात धरण आहे ना? सांगा त्याबद्दल.' भाटघर १९२८ मध्ये पूर्ण झाले, साधारण साडेतेवीस टीएमसी पाणी धरते आणि त्याला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढले की ते आपोआप उघडतात. कसे उघडतात? ज्याने पावसाळ्यात ते पाहिले पण हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नाही, त्याच्यात इंजिनिअर कमी दिसतो. ज्याने विचारला, त्याला ते समजावून सांगताना वेगळे इंग्रजी पाठ करावे लागत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला एसी थ्री टियरचे जाण्या-येण्याचे भाडे मिळते. तिकीट जपून ठेवावे.

दंडावरचे महाराज

शिफारस झाली की वैद्यकीय तपासणी. नजर, रंग ओळखणे, कान, गुडघे, सपाट तळवे हे सगळे बघतात. पण मावळात एक कारण विशेष सांगण्यासारखे आहे, गोंदण. दंडावर, छातीवर, मानेवर राजमुद्रा किंवा महाराजांचे चित्र गोंदवून घेण्याची तरुणांत मोठी हौस आहे. लष्कराच्या नियमाप्रमाणे कायमचे गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या पाठीमागे चालते. इतर कुठेही असेल तर उमेदवार बाद होऊ शकतो. आदिवासी समाजांच्या परंपरेपुरती सवलत आहे. नौदलाने २ सप्टेंबर २०२२ रोजी महाराजांच्या मुद्रेवरून प्रेरणा घेऊन अष्टकोनी चिन्ह आपल्या ध्वजावर घेतले. त्या ध्वजाखाली उभे राहायचे असेल तर दंड कोरा असलेला बरा.

पैसा आणि मुदत

लेफ्टनंटचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन, महागाई भत्ता आणि नेमणुकीप्रमाणे इतर भत्ते. पुण्यातल्या आयटी कंपनीत सुरुवातीला मिळणाऱ्या पगाराशी तुलना केली तर हे कमी नाही. दहा वर्षांनंतर मात्र चित्र बदलू शकते.

शॉर्ट सर्व्हिसबाबत घरात बसून नीट बोलायला हवे. ती दहा वर्षांची असते, वाढवून चौदा. दरम्यान कायमस्वरूपी कमिशनसाठी विचार होतो, पण ते सगळ्यांना मिळत नाही. नाही मिळाले तर पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडावे लागते आणि मासिक निवृत्तिवेतन नसते. घरचे कर्ज त्या पगारावर काढायचे असेल तर हे आधी कळलेले बरे. टीईएस, टीजीसी आणि एनडीएला ही चिंता नाही.

आणि दल कोणते मिळेल हे हातात नसते. पसंती विचारतात, पण गुणवत्ता आणि लष्कराची गरज पाहून वाटप होते. संगणक शिकलेल्याला पूल बांधायला पाठवले, असे होऊ शकते.

मदत कुठे मिळते?

खासगी अकॅडमींच्या जाहिराती महामार्गावर पोत्याने दिसतात. त्याआधी सरकारी सोयी पाहाव्यात. दहावीनंतर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था, राज्य सरकारने १९७७ मध्ये सुरू केलेली. लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून निवड, दोन वर्षे अकरावी-बारावी आणि सोबत एनडीएची तयारी. मुलींसाठी अशीच संस्था आता नाशिकला आहे. दोन्हींचे अर्ज दहावीत असतानाच भरावे लागतात.

एसएसबीचे बोलावणे हातात आले की नाशिक रोडचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र. सैनिक कल्याण विभागाचे हे केंद्र महाराष्ट्रातल्या उमेदवारांना राहण्या-जेवणासह मोफत तयारी करून देते. टीजीसीचे बोलावणे पत्र किंवा एनडीएची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा पुरावा तिथे चालतो. वर्षात अनेक तुकड्या होतात आणि प्रत्येकीची जाहिरात वर्तमानपत्रांत येते. पुणे जिल्ह्यातल्या उमेदवारांना निवडीसाठी पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात बोलावतात. जाताना विभागाच्या संकेतस्थळावरून काढलेले अर्ज आणि परिशिष्टे भरून न्यावीत, मूळ प्रमाणपत्रे सोबत ठेवावीत.